एक्झॉस्टची दोन घराणी

मोटारीच्या पहिल्या दोन-तीन दशकांत बऱ्याच गाड्यांत चालकाच्या पायाशी एक जादा पेडल असे. क्लचशी किंवा ब्रेकशी त्याचं काही नातं नव्हतं. ते दाबलं की सायलेन्सरच्या अलीकडे नळीत बसवलेली झडप उघडे आणि इंजिनातला जळालेला वायू सायलेन्सरमध्ये न शिरता थेट बाहेर पडे. या सोयीला कट-आउट म्हणत. चढ लागला की पेडल दाबायचं. गाडी गरजायची आणि थोड्या जास्त जोमाने वर चढायची. वस्तीत शिरताना झडप मिटून घ्यावी, अशी अपेक्षा होती. ती फारशी कुणी पाळली नाही आणि अमेरिकेतल्या अनेक शहरांनी उघड्या कट-आउटवर बंदी आणली.

आज वेगवान गाडीसाठी एक्झॉस्ट निवडायला निघालेल्या माणसाच्या मनात एक पक्की समजूत असते: गाडी जितकी गरजेल तितकी तिची ताकद जास्त. ही समजूत त्या पेडलपासून चालत आलेली आहे आणि त्या काळी ती अगदी खरी होती. तेव्हाचा सायलेन्सर म्हणजे आत आडवे पत्रे लावलेला डबा. वायूला अडवायचं, वळवायचं, दमवायचं आणि मग सोडायचं, एवढीच त्याची रीत. अडलेला वायू पिस्टनला रेटून बाहेर काढावा लागे आणि ती मेहनत चाकांच्या वाट्यातून वजा होई. डब्याला बगल दिली की आवाज आणि ताकद दोन्ही एकदम मिळत. पुढच्या शंभर वर्षांत या दोन गोष्टी हळूहळू एकमेकींपासून सुटत गेल्या. आवाजाचं घराणं वेगळं, ताकदीचं वेगळं, आणि दोन्ही एकाच नळीत राहतात. हे ज्याला उमगलं त्यालाच एक्झॉस्ट नीट निवडता येतो असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा मागोवा.

आधी आवाज. १८९७ साली इंडियाना राज्यातल्या कोलंबस इथल्या मिल्टन आणि मार्शल रीव्ज या भावांनी इंजिनाच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं. पण या क्षेत्रात नाव झालं ते हायरम पर्सी मॅक्सिम यांचं. त्यांचे वडील म्हणजे मशीनगन बनवणारे हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम. मुलाने आधी हार्टफर्डच्या पोप कंपनीत मोटारी घडवल्या आणि १९०९ मध्ये बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या नळीचं पेटंट मिळवलं. बंदुकीची नळी आणि इंजिनाचा सिलिंडर यांची अडचण सारखीच आहे. दोन्हीकडे प्रचंड दाबाचा वायू एका क्षणात मोकळा होतो आणि हवेला धक्का देतो. हा धक्का एकदम न बसता कप्प्याकप्प्यांतून रेंगाळत बाहेर यावा, ही मॅक्सिम यांची कल्पना. त्यांच्या कंपनीने पुढे इंजिनांसाठीही सायलेन्सर बनवले.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न कोर्टात गेला. सरे परगण्यात १९०७ मध्ये ब्रुकलँड्सचा रेस ट्रॅक सुरू झाला. तिथे तासन्‌तास उघड्या नळीने धावणाऱ्या गाड्यांना आसपासचे रहिवासी कंटाळले, खटले भरले गेले, आणि १९२०च्या दशकाच्या मध्यापासून ट्रॅकवर सायलेन्सर सक्तीचा झाला. शर्यतीच्या गाडीला सायलेन्सर लावायचा म्हणजे त्या काळच्या चालकांना शिक्षाच वाटली. पण यातून ‘ब्रुकलँड्स सायलेन्सर’ नावाचा मोठा गोल डबा आणि त्याच्या टोकाला माशाच्या शेपटीसारखी पसरट नळी तयार झाली. तो दिसायला इतका रुबाबदार होता की शर्यतीशी काही संबंध नसलेले लोकही तो आपल्या गाडीला लावून घेऊ लागले. शांत राहण्यासाठी लादलेली वस्तू वेगाची खूण होऊन बसली.

डब्याच्या आत खरा फरक पडला तो सरळ नळीच्या सायलेन्सरमुळे. यात वायू आडव्या पत्र्यांवर आपटत नाही. भोकं पाडलेली एक नळी डब्यातून आरपार जाते आणि तिच्याभोवती काचेची लोकर भरलेली असते. वायू जवळजवळ सरळ निघून जातो, आवाजाचे तरंग मात्र भोकांतून लोकरीत शिरतात आणि तिथे मुरतात. अमेरिकेत याला ग्लासपॅक म्हणत. वायूला वाट द्यायची आणि आवाज तेवढा गाळून घ्यायचा, हे इथे पहिल्यांदा साध्या, स्वस्त पत्र्याच्या डब्यात शक्य झालं. लोकर कमी-जास्त करून, डबा लांब-आखूड करून आवाजाचा पोत ठरवता येऊ लागला. उरलेला भाग एकोणिसाव्या शतकातल्या ध्वनिशास्त्राने दिला. हेल्महोल्ट्झ यांनी दाखवून दिलं होतं की तोंड अरुंद असलेली पोकळी एका ठरावीक सुरालाच प्रतिसाद देते. नळीला बाजूने अशी बंद पोकळी जोडली की तोच एक सूर निवडून खाली आणता येतो. आजही कंपनीच्या सायलेन्सरमध्ये कप्पे, भोकं, लोकर आणि अशा पोकळ्या यांचंच मिश्रण असतं.

आता ताकदीचं घराणं. त्याचं मूळ समजून घ्यायला थोडं गणित करावं लागतं, पण ते करण्यात खरी गंमत आहे.

एक्झॉस्टची झडप उघडते तेव्हा नळीत दोन गोष्टी एकदम निघतात. एक म्हणजे वायू. तो सेकंदाला शंभर मीटरच्या आगेमागे वाहतो. दुसरी म्हणजे दाबाचा तरंग. तो त्या तापलेल्या वायूत ध्वनीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ५०० मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने धावतो. नळीचं उघडं टोक आलं, किंवा ती एकदम रुंद झाली, की हा तरंग परत फिरतो आणि परतताना उलटा होतो: जाताना तो जादा दाबाचा असतो, येताना कमी दाबाचा. हा कमी दाब झडपेपाशी नेमक्या वेळी पोहोचला, म्हणजे एक्झॉस्टची झडप मिटायची आहे आणि आत येणाऱ्या मिश्रणाची झडप नुकतीच उघडते आहे अशा क्षणी, तर तो सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून काढतो आणि मागोमाग ताजं मिश्रणही आत खेचतो. इंजिनाला फुकटची फुंकर मिळते. लोकलच्या दारातून उतरणाऱ्या घोळक्यामागे पुढचा प्रवासी आपोआप ओढला जातो, तसंच हे.

वेळ जुळवायची ती नळीच्या लांबीने. समजा इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेतंय. एक फेरा १० मिलिसेकंदांचा झाला. तरंगाने निघून १२० अंश फिरेपर्यंत परत यावं असं हवं असेल, तर हाताशी ३.३ मिलिसेकंद आहेत. ५०० मीटर वेगाने तेवढ्या वेळात १६६ सेंटिमीटर अंतर कापलं जातं. जाऊन-येऊन एवढं, म्हणजे नळी सुमारे ८३ सेंटिमीटर हवी. हेच गणित ३,००० फेऱ्यांसाठी केलं तर लांबी दुप्पट येते. म्हणजे कुठलीच एक लांबी सगळ्या वेगांना पुरत नाही. गाडी कुठे जोरात हवी, गर्दीच्या रस्त्यावर खालून उचलताना की ट्रॅकवर वरच्या टोकाला, हे आधी ठरवावं लागतं आणि मगच नळी कापावी लागते. गॅरेजमध्ये अजूनही ऐकू येतं की इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतंच, म्हणून फार मोठी नळी लावू नये. मोठी नळी लावू नये हे बरोबर आहे. कारण मात्र वेगळं आहे. नळी गरजेपेक्षा रुंद झाली की वायूचा वेग पडतो, तरंग क्षीण होतात आणि खालच्या फेऱ्यांवर गाडी ढिली वाटते. अडथळा इंजिनाला कधीच नको असतो. त्याला वेग हवा असतो.

या विद्येचा सर्वात धाडसी वापर केला तो वॉल्टर काडेन यांनी. युद्धकाळात त्यांनी जर्मनीत क्षेपणास्त्रांवर काम केलं होतं. १९५३ पासून पूर्व जर्मनीत त्शोपाऊ इथल्या एमझेड कारखान्याच्या शर्यतींच्या मोटारसायकली त्यांच्याकडे आल्या. टू-स्ट्रोक इंजिनात एक्झॉस्टला झडप नसते, त्यामुळे ताजं मिश्रणही धुराबरोबर निसटतं. काडेन यांनी नळी मधेच शंकूसारखी फुगवली आणि पुढे पुन्हा निमुळती केली. फुगणारा शंकू कमी दाबाचा तरंग परत पाठवतो आणि धूर ओढतो. निमुळता शंकू जादा दाबाचा तरंग पाठवून निसटलेलं मिश्रण परत सिलिंडरमध्ये कोंबतो. आतल्या दाबाचा आलेख ते ऑसिलोस्कोपवर बघत आणि शंकूचे कोन बदलत. १९६१ साली त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरला २०० अश्वशक्ती, तीही सुपरचार्जरशिवाय. तोपर्यंत हे कुणालाच जमलं नव्हतं. त्याच सप्टेंबरात त्यांचा चालक अर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पळून गेला आणि ही विद्या सुझुकीकडे पोहोचली. पुढच्याच वर्षी सुझुकीने त्याच्यासह ५० सीसी गटाचं विश्वविजेतेपद जिंकलं. १९८५ पासून आपल्याकडे आलेल्या आणि अजूनही तरुणांना वेड लावणाऱ्या यामाहा आरएक्स १०० च्या ९८ सीसीतून ११ अश्वशक्ती निघे. तिच्या पुंगळीतही याच शंकूंचं तत्त्व आहे. तो आवाज आणि ती ताकद तिथे खरोखर एकमेकांत विणलेली आहेत. टू-स्ट्रोकचं हे वैशिष्ट्य मोटारीला लावून बघितलं की फसायला होतं.

मोटारीत चार सिलिंडरच्या नळ्या कुठे आणि कशा एकत्र करायच्या यावर सगळं ठरतं. चारही नळ्या एकाच ठिकाणी मिळवल्या तर वरच्या फेऱ्यांवर जोर मिळतो. आधी पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा अशा जोड्या करून मग दोनांची एक केली, तर मधल्या फेऱ्यांवर ताकद पसरून मिळते. रस्त्यावरच्या गाडीला बहुतेक वेळा दुसरी मांडणीच मानवते. व्ही-८ मध्ये दोन बाजूंना चार-चार सिलिंडर असतात, तिथे हाच प्रश्न दोनदा येतो. १९६७ साली झँडवूर्टच्या डच ग्रां-प्रीत जिम क्लार्क यांनी लोटस ४९ मध्ये कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन पहिल्यांदा पळवलं आणि जिंकलं. त्या व्ही-८ ची क्रँक (पिस्टनांनी फिरणारा दांडा) सपाट होती, म्हणजे प्रत्येक बाजूचे चार सिलिंडर सारख्या अंतराने पेटत. त्यामुळे प्रत्येक बाजूच्या चार नळ्या तिथल्या तिथे एकत्र करता आल्या. या इंजिनाने पुढे १५५ ग्रां-प्री जिंकल्या.

सपाट क्रँकशिवाय व्ही-८ चं काय होतं, ही या इतिहासातली माझी सर्वात आवडती गोष्ट आहे. १९२३ साली कॅडिलॅकने व्ही-८ ची क्रँक बदलली. सपाट क्रँकच्या इंजिनात एक न जाणारी थरथर असे आणि कॅडिलॅकच्या गिऱ्हाइकाला ती नको होती. म्हणून क्रँकच्या आट्या एकमेकींशी काटकोनात ठेवल्या. इंजिन लोण्यासारखं मऊ फिरू लागलं. पण एका बाजूच्या चार सिलिंडरचं पेटणं आता सारख्या अंतराने होईना. ९०, १८०, २७०, १८० अंश, असं ते अडखळत जाऊ लागलं. कानाला ही अडखळ म्हणजे तो गुरगुरणारा, ढवळणारा आवाज, जो आज अमेरिकन व्ही-८ ची ओळख मानला जातो. गुळगुळीतपणा शोधताना तो आपसूक जन्माला आला. ताकदीच्या हिशोबात ती खोडच होती, कारण ९० अंशांच्या अंतराने येणारे दोन लोट एकाच नळीत एकमेकांच्या वाटेत येतात.

१९३२ मध्ये फोर्डने व्ही-८ स्वस्त केली आणि दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं तिच्यावर तुटून पडली. त्या इंजिनाच्या प्रत्येक बाजूला चार सिलिंडर असूनही धुराची तोंडं तीनच होती, मधल्या दोघांना एकच दार होतं. तरी दोन्ही बाजूंना वेगळ्या नळ्या, ग्लासपॅक आणि कोरड्या तळ्यांवरच्या शर्यतींसाठी टोपण असलेल्या बाजूच्या नळ्या, असा साज त्या पोरांनी उभा केला. टोपण काढलं की धूर थेट बाहेर. कट-आउटच परत आलं होतं. १९६०च्या दशकात ले मान्ससाठी जीटी४० बांधताना फोर्डच्या लोकांनी मात्र त्या अडखळीशी तडजोड केली नाही. प्रत्येक बाजूच्या दोन नळ्या ओलांडून दुसऱ्या बाजूला नेल्या आणि प्रत्येक जोडावर लोट सारख्या अंतराने येतील अशी मांडणी केली. गाडीच्या मागून बघितलं तर सापांचं वेटोळं दिसे आणि लोक तिला तेच नाव देत. ताकद वाढली आणि अमेरिकन गुरगुर जाऊन युरोपी किंचाळी आली. एकाच इंजिनातून, फक्त नळ्या फिरवून. २०२३ च्या कॉर्व्हेट झेड०६ मध्ये तर जनरल मोटर्सने सपाट क्रँकच घेतली. गुरगुरीचं माहेरच म्हणायची ती गाडी आता ८,६०० फेऱ्यांपर्यंत किंचाळत जाते.

एक्झॉस्टची तिसरी कामगिरी दिसण्याची. १९२८ च्या मर्सिडीज एसएसके मध्ये सुपरचार्जर असलेल्या इंजिनाच्या जाडजूड लवचीक नळ्या बॉनेटच्या कडेने बाहेर काढल्या होत्या. अमेरिकेत ड्यूझेनबर्ग एसजे ला तशाच चकचकीत नळ्या आल्या. त्या दिसल्या की आत सुपरचार्जर आहे, असा अर्थ होई. लवकरच सुपरचार्जर नसलेल्या ड्यूझेनबर्गचे मालकही त्या लावून घेऊ लागले. ताकद न घेता ताकदीची खूण विकत घेण्याचा हा प्रकार आज बंपरखालच्या बंद, नकली टोकांपर्यंत येऊन पोहोचला आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्यूझेनबर्ग खरोखरच एसजे होती, लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेल्या नारिंगी-काळ्या बॉडीची. एका मराठी संस्थानिकाच्या दारात त्या काळचा सर्वात ताकदवान अमेरिकन एक्झॉस्ट उभा होता, याचं मला अप्रूप वाटतं.

सामान्य माणसाच्या हाती एक्झॉस्ट दिला तो कार्लो अबार्थ यांनी. व्हिएन्नात जन्मलेल्या, मोटारसायकलच्या शर्यती गाजवलेल्या या माणसाने १९४९ मध्ये इटलीत कंपनी काढली आणि आपल्या राशीचा विंचू तिचं चिन्ह केलं. शर्यतींना पैसा लागतो. तो उभा केला फियाटच्या छोट्या गाड्यांसाठी सायलेन्सर विकून. काळी नळी, चकचकीत टोकं, आत सरळ वाट आणि लोकर. गाडी थोडी हलकी धावे आणि भरदार वाजे, तीही मध्यमवर्गीयाच्या खिशाला परवडेल अशा किमतीत. ताकद फार वाढत नसे, पण कामाला जाणाऱ्या माणसाला आपल्या फियाटविषयी अभिमान वाटू लागला आणि लाखोंनी सायलेन्सर खपले. एक्झॉस्टचा सुट्या भागांचा जो बाजार आज आपण बघतो, त्याची घडी अबार्थनेच बसवली. १९७१ मध्ये फियाटने कंपनी घेतली. २०१५ मध्ये तोच विंचू आपल्या रांजणगावात बनलेल्या १४५ अश्वशक्तीच्या अबार्थ पुंतोवर बसला. स्लोव्हेनियातले मोटारसायकल शर्यतपटू इगोर अक्रापोविच यांनी १९९० च्या सुमाराला एक्झॉस्टचा कारखाना काढला तेव्हा त्याचंही नाव आधी स्कॉर्पियन असंच होतं. टायटॅनियमची नळी मोटारीच्या रसिकांना परिचयाची झाली त्यात या कारखान्याचा मोठा वाटा आहे.

मग दोन गोष्टींनी नळीचा स्वभावच बदलला. पहिली कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून तो बसू लागला आणि भारतात एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना सक्तीचा झाला. सुरुवातीचे कन्व्हर्टर वायूला खरोखर अडवत, म्हणून ते काढून टाकण्याची टूम निघाली. आजच्या विरळ जाळीचा कन्व्हर्टर फार थोडं अडवतो. तो काढला तर मागचा ऑक्सिजन सेन्सर लगेच चुगली करतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि हवेत विष जातं ते वेगळंच. दुसरी गोष्ट टर्बो. टर्बोचं चाक वायूच्या लोटांवरच फिरतं. त्यात ते लोट चिरडले जातात, आवाज दबतो आणि टर्बोच्या मागे तरंगांच्या लांबीचं ते सुंदर गणित जवळजवळ निरुपयोगी होतं. तिथे फक्त अडथळा कमी करायचा असतो. टर्बोच्या गाडीत मोठ्या, मोकळ्या नळीने खरी ताकद वाढते आणि बिनटर्बोच्या गाडीत तीच नळी नुकसान करते, ते यामुळेच.

सुबारूच्या गाड्यांत ही दोन घराणी समोरासमोर आली. तिच्या आडव्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा ‘धड-धड’ आवाज रॅलीच्या रसिकांना प्राणप्रिय. तो यायचा मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांतून निघून एकत्र येणाऱ्या, असमान लांबीच्या नळ्यांमुळे. कंपनीने समान लांबीच्या नळ्या आणि दुहेरी वाटेचा टर्बो आणला, गाडी खालून जास्त चपळ झाली आणि तो आवाज गेला. अनेकांनी मग पैसे मोजून असमान नळ्या परत बसवून घेतल्या. त्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांना काय हवं ते त्यांना माहीत होतं, फक्त त्याला ताकद म्हणू नये.

दरम्यान ते जुनं पेडल नव्या रूपात परतत राहिलं. १९७० च्या पाँटियाक जीटीओ मध्ये एक खटका ओढला की सायलेन्सरमधल्या झडपा उघडत. ती सोय वर्षभरही टिकली नाही. २००६ च्या कॉर्व्हेट झेड०६ मध्ये झडपा आपोआप उघडू लागल्या आणि आज जवळजवळ प्रत्येक वेगवान गाडीत त्या बटणावर चालतात. युरोपात कारण कायद्याचं आहे. गाडी ५० किलोमीटरच्या वेगाने येते, चालक पूर्ण रेस देतो आणि बाजूचा मायक्रोफोन मोजतो, अशी ती चाचणी. २०१६ पासून टप्प्याटप्प्याने सर्वसाधारण गाड्यांची मर्यादा ७२ डेसिबलवरून ६८ वर आणायचं ठरलं. त्यात पेट्रोल गाड्यांना काजळीचा फिल्टर लागला आणि वरच्या पट्टीचे सूर त्यात मुरून गेले.

म्हणून आवाज आता मुद्दाम रचला जातो. लेक्सस एलएफए च्या ४.८ लिटर व्ही-१० साठी यामाहाच्या लोकांनी समान लांबीच्या नळ्यांचे हेडर आणि टायटॅनियमचा सायलेन्सर यांच्या जोडीने आत येणाऱ्या हवेचा सूरही बसवला. ९,००० फेऱ्यांना त्यात सेकंदाला ७५० स्फोट होतात आणि तो सूर ऐकताना मला कुठल्याही वाद्याची उणीव वाटत नाही. उलट उदाहरण फॉर्म्युला वनचं. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ या तीन वर्षांत भारतीयांनी १८,००० फेऱ्यांचे व्ही-८ छातीवर झेलले. २०१४ मध्ये टर्बो व्ही-६ आले, टोकाची नळी एकच उरली आणि प्रेक्षकांनी कुरकुर केली. त्या मे महिन्यात मर्सिडीजने बार्सिलोनाच्या चाचणीत नळीला भोंगा लावून बघितला. उपयोग झाला नाही. लोटातली ऊर्जा टर्बोने आधीच काढून घेतलेली होती, भोंगा मोठा करणार तरी काय? २०१६ पासून जादा दाबाच्या वायूसाठी वेगळ्या नळ्या सक्तीच्या केल्या, तेव्हा थोडा फरक पडला.

तर निवड कशी करायची? बिनटर्बोची गाडी असेल आणि ताकद हवी असेल, तर पैसा पुढे, हेडरवर आणि नळ्या मिळतात त्या जोडावर घालावा, आणि इंजिनाचं मॅपिंग त्यानुसार बदलून घ्यावं. टर्बोची असेल तर टर्बोला लागून असलेली नळी आणि मोकळा पण अस्सल कन्व्हर्टर. मागचा डबा बदलल्याने आवाज बदलतो. ताकदीसाठी तो बदलू नये. व्ही-८ असेल तर दोन बाजूंच्या नळ्या मधे कशा जोडल्या यावर रंग ठरतो: आडव्या पुलाने जोडल्या तर खर्ज राहतो, फुलीसारख्या जोडल्या तर सूर चढा आणि मोकळा येतो. आणि आपल्या रस्त्यावर चालवायची असेल तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम लक्षात असू द्यावं. कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल त्यात बसत नाही आणि महाराष्ट्रातल्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या येतच असतात. मला त्यात पोलिसांची बाजू पटते. दवाखान्यासमोर फटाके फोडणाऱ्या नळीत ना ताकद असते ना सूर.

शेवटची एक तक्रार मोकळा एक्झॉस्ट लावणारा जवळजवळ प्रत्येक जण करतो. हायवेवर एका ठरावीक वेगाला गाडीच्या आत डोकं भणभणवणारी घुमघुम सुरू होते. लोक मग दुसरा डबा लावतात आणि मिळवलेला मोकळेपणा घालवून बसतात. इलाज दुसरा आहे. चार सिलिंडरची गाडी २,५०० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला ८३ स्फोट होतात; घुमणारा सूर तोच. मुख्य नळीला बाजूने एक नळी जोडायची, दुसऱ्या टोकाला बंद, आणि लांबी त्या सुराच्या तरंगाच्या चौथ्या भागाइतकी ठेवायची. मागे येईपर्यंत वायू निवतो आणि तरंगाचा वेग उतरतो, म्हणून इथे ती सव्वा मीटरच्या आसपास येते. आत गेलेला तरंग बंद टोकावरून परतताना नेमका उलट पडतो आणि तो एक सूर खाली बसतो, बाकीचे तसेच राहतात. या नळीतून धूर जात नाही, त्यामुळे ताकदीलाही धक्का लागत नाही. चांगला वेल्डर आणि गाडीखाली मोकळी जागा असेल तर हे काम आपल्याकडच्या कुठल्याही गावात होऊ शकतं.